मावशीचं एकुलतं एक बरोबर

माझ्या मावशीच्या संसाराला चाळीस वर्षं झाली आणि त्या चाळीस वर्षांत ती एकदाच बरोबर ठरली. तशी बरोबर ती पुष्कळदा असायची, पण ठरायची नाही. ठरवण्याचं खातं काकांकडे होतं.

काका म्हणजे मावशीचे यजमान. सरकारी छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल पेनाने गोल काढून त्यांनी पोट भरलं. निवृत्त झाल्यावर छापखान्याने पेन ठेवून घेतलं, सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी पाठवून दिली. वाण्याची यादी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, जिन्यातली पाटी, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मावशीच्या माहेरी त्यांना 'लाल पेन' म्हणत, अर्थात ते खोलीत नसताना. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचे नाहीत, ताट सरकवायचे नाहीत. फक्त "चुकीचं आहे" म्हणायचे, तेही बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तितक्या शांतपणे. मावशी म्हणाली आज मंगळवार, की काका म्हणणार, "चुकीचं आहे. बुधवार." आणि असायचा बुधवारच, याचाच मला जास्त राग यायचा. ज्या गोष्टींना पुरावा असतो त्यांत काका बरोबर असत आणि ज्यांना नसतो त्यांत ते बरोबर असल्यासारखे दिसत. असल्या माणसाशी भांडता येत नाही. मी दोन वर्षं भांडून पाहिलं आहे.

ती दोन वर्षं मी त्यांच्या मागच्या खोलीत राहत होते, कारण चष्म्याच्या दुकानातली माझी नोकरी तिथून चालत दहा मिनिटांवर होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" असं विचारायचं आणि संध्याकाळी घरी येऊन या दोघांना बघायचं, असा माझा दिनक्रम होता.

मावशी शाळेचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, बाजूला निळ्या कापडाचे गठ्ठे आणि गळ्यात मोजपट्टी. ती झोपताना तरी मोजपट्टी काढायची की नाही, याची मला शंका आहे. प्रत्येक मुलाचा कपडा ती वाढत्या अंगाचा शिवायची आणि घरातली प्रत्येक वस्तूही तशीच वाढत्या अंगाची घ्यायची. दोन माणसांच्या घरात आठ माणसांचा कुकर होता. गीझरही तसाच.

तेवीस वर्षांपूर्वी दोघं गीझर घ्यायला दुकानात गेले होते. काकांनी चार दिवस आधीपासून माहितीपत्रकं वाचून, त्यांतल्या चुका दुरुस्त करून, एक पांढराशुभ्र सडपातळ गीझर पसंत केला होता. मावशीने दुकानातल्या एकूणएक टाक्यांवर बोटाने टकटक करून पाहिलं आणि कोपऱ्यातल्या एका शेवाळी रंगाच्या, पोट सुटलेल्या गीझरपाशी थांबून म्हणाली, "हा." दुकानदारसुद्धा बिचकला. तो बहुधा दुकानाबरोबर आलेला असावा. काकांनी गीझर वरपासून खालपर्यंत वाचला आणि दुकानदारासमक्ष निकाल दिला, "चुकीचं आहे. दोन वर्षं टिकेल."

मावशीने तो स्वतःच्या शिवणाच्या पैशातून घेतला. दोन वर्षं गेली, गीझर चालू. पाच गेली, चालू. दहा, पंधरा, वीस. काकांचे दोन चष्मे बदलले, तीन पंखे गेले, समोरची इमारत पाडून नवी उभी राहिली, आणि गीझर आपला चालू. काका रोज सकाळी आंघोळ करून बाहेर आले की मावशी मशीनवरून मान वर न करता विचारायची, "गरम होतं का?" आणि काकांना म्हणावं लागायचं, "होतं." या एका 'होतं'वर मावशीचा सबंध दिवस निघायचा. चाळीस वर्षं जे वाट्याला आलं नाही ते तिला रोज सकाळी पाऊण सेकंदापुरतं मिळायचं.

"या घरात माझं एक तरी बरोबर आहे," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आणि ते बाथरूममध्ये टांगलेलं आहे." हे ती हसत म्हणाली, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

गीझर वापरण्याचे नियम होते आणि ते तिने मला पहिल्याच दिवशी समजावले. बरोबर सव्वासहाला बटण चालू करायचं. पळीच्या दांड्याने टाकीच्या पोटावर दोनदा वाजवायचं. दहा मिनिटांनी बटण बंद करायचं, अकरावं मिनिट त्याला सोसत नाही. नळ तीन बोटंच उघडायचा. आणि बाथरूममध्ये गीझरबद्दल वाईटसाईट बोलायचं नाही. हे सगळं केलं की खरोखर कडकडीत पाणी यायचं, तेही तासभर, सगळ्यांच्या आंघोळी होऊन वर कपड्यांना उरेल इतकं. दहा मिनिटांच्या विजेवर तासभर उकळतं पाणी. इमारतीतल्या बायका विचारायला यायच्या आणि मावशी त्यांना पळी दाखवायची. हल्लीच्या पत्र्याला मायाच नाही, जुनं ते सोनं, वगैरे तिचं भाषण मला पाठ झालं होतं. काका एकदा म्हणाले की पळीचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. मावशी म्हणाली, "मग उद्या न वाजवता करून बघा आंघोळ." काकांनी करून बघितली नाही. पुराव्याशी खेळायचं नाही हे ते छापखान्यात शिकले होते.

एकदाच गीझर रुसला. मी तिथे राहायला गेले त्या पहिल्याच वर्षी, एका सकाळी पाणी बर्फासारखं आलं. पळी वाजवली, बटण अर्धा तास चालू ठेवलं, तरी गार. दुसऱ्या दिवशी गार, तिसऱ्या दिवशी गार. मावशीचा चेहरा उतरला. चौथ्या दिवशी तिला आठवलं की रुसण्याच्या आदल्या संध्याकाळी काका दाढी करताना गीझरला "डबडं" म्हणाले होते. मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर मी यावर विश्वास ठेवला नसता. आठव्या दिवशी संध्याकाळी, चाळीस वर्षांत कोणाची माफी न मागितलेला माणूस बाथरूममध्ये उभा राहून टाकीकडे बघत म्हणाला, "माझा शब्द मागे घेतो." मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "मोठ्याने." काकांनी मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यातून वाफा निघत होत्या. काका आंघोळ करून बाहेर आले आणि दिवसभर जेवणाव्यतिरिक्त त्यांनी तोंड उघडलं नाही. मी स्वतः त्या दिवसापासून गीझरला मनातल्या मनात 'अहो' म्हणू लागले.

आता शेजाऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या आणि त्यांच्या बाथरूममध्ये एकच भिंत. पलीकडे जे एकटेच राहायचे ते घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून मावशी त्यांना 'घड्याळवाले भाऊजी' म्हणायची. नऊ वर्षांपूर्वी त्या सामाईक भिंतीला ओल आली, तेव्हा गवंड्याने दोन्हीकडून भिंत फोडून आतले सगळे पाइप बदलले होते. चार दिवस भिंतीला खिडकीएवढं भोक होतं आणि त्या भोकातून दोन्ही घरांची ओळख झाली. अत्यंत सज्जन माणूस. बोलणं इतकं हळू की शेजारी टिकटिकणारं घड्याळ त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलतंय असं वाटावं.

भाऊजींचं एकच दुःख होतं, त्यांच्याकडे पाणी तापत नसे. नऊ वर्षांत त्यांनी तीन गीझर बदलले. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठा आणि भारी घेतला, पहाटे पाचला चालू करून नऊपर्यंत चालू ठेवला, काटा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला, तरी अंगावर घ्यावं तर कोमट, आणि तेही तांब्याभर. तिसऱ्या गीझरनंतर त्यांनी यंत्राला दोष देणं सोडलं आणि ते डॉक्टरकडे गेले. पाणी गरमच असणार, आपल्यालाच ते गार लागतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरांनी रक्त पातळ असेल म्हणून गोळ्या दिल्या. भाऊजी भर दुपारी स्वेटर घालून कामाला बसू लागले.

मावशीला त्यांची दया यायची, पण दयेपेक्षा जास्त तिला शिकवायला आवडायचं. ती पळी घेऊन त्यांच्याकडे जायची, नव्या गीझरच्या पोटावर वाजवायची आणि मान हलवायची. "भाऊजी, गीझर समजून घ्यावा लागतो. तुम्ही त्याला पाच वाजल्यापासून छळता. दहा मिनिटं द्या फक्त. माझा बघा." भाऊजी वहीत लिहून घ्यायचे. घरी परत आली की ती आम्हाला म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं. तीन तीन गीझर घेतले, वापरता एक येत नाही." मजा अशी की भाऊजींकडे नवीन गीझर बसला की आमचाही जोर धरायचा. बसवायच्या दिवशी तासभर आमच्या नळाला पाणीच यायचं नाही, मग पहिल्यापेक्षा जास्त कडकडीत यायचं. मावशी म्हणायची, नवा शेजारी आला की याला चेव येतो.

मग या तेवीस वर्षांच्या टाकीला गळती लागली. नेमकी काकांच्या डोक्यावर. ते स्टुलावर बसून आंघोळ करायचे आणि टाकीच्या बुडातून टपकन थेंब पडायचा. काकांनी तीन दिवस थेंब मोजले, चौथ्या दिवशी चार बोल्टांपैकी एक बाहेर आलेला दाखवला आणि म्हणाले, "हा माझ्या डोक्यावर पडणार. मग गरम पाणी कोणाला लागतं ते बघू." मावशीने दोन दिवस मशीन चालवत काढले. मग म्हणाली, बदला, पण एका अटीवर. गीझर बिघडला म्हणून काढला असं कोणी म्हणायचं नाही. तो चालता चालता निवृत्त झाला असं म्हणायचं, आणि त्याला साक्षीदार हवा.

साक्षीदार म्हणून नळवाला मिळाला. हातात कायम पाना असल्यामुळे सगळे त्याला 'पाना'च म्हणत. तो सकाळी अकराला आला तेव्हा मावशीने आधी नळ उघडला आणि त्याला म्हणाली, "हात घाल. गरम आहे का सांग."

पानाने हात घातला आणि झटकन काढला. "चटका बसतोय की, काकू." मग तो टाकीला हात लावून बघत बसला. इकडून लावला, तिकडून लावला. "पण टाकी गार आहे."

"आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही," मावशी म्हणाली. "याला म्हणतात बनावट."

पाना अनुभवी होता. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्याला कळत होतं. त्याने गीझर उतरवला, भिंतीतल्या दोन्ही पाइपांच्या तोंडांना बुचं लावली आणि बोल्टांची जुनी भोकं सिमेंटने बुजवली. ते वाळायला एक दिवस लागणार होता, म्हणून नवा गीझर खोक्यातच ठेवून तो गेला. जुना बाल्कनीत आडवा ठेवला होता. संध्याकाळी मावशीने त्याच्यावर गणवेशाचं उरलेलं निळं कापड घातलं. काका ते बघून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धवट झोपेत बाथरूममध्ये गेले, सवयीने डावा, गरम पाण्याचा नळ तीन बोटं उघडला आणि बादलीत हात घातला. चटका बसला तशी माझी झोप उडाली. वर बघितलं तर भिंत रिकामी. सिमेंटचे चार ओले ठिपके आणि दोन बुचं. खाली बादलीतून वाफा येत होत्या.

मी मावशीला हाक मारली. मावशीने नळ बघितला, भिंत बघितली, बाल्कनीत जाऊन निळ्या कापडाखाली गीझर आहे ना तेही बघितलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा काही फुलला होता की मी तो आधी कधी पाहिलाच नव्हता. "अहो," तिने हाक मारली, "इकडे या. काढल्यावरसुद्धा तापवतोय."

काका आले. त्यांनी चष्मा लावला, वाफेने तो धुरकट झाला, पुसला, पुन्हा लावला. नळ बंद केला, उघडला. बुचं चाचपली. मग म्हणाले, "हे शक्य नाही." मावशी म्हणाली, "गरम आहे का?" काकांनी एक बोट पाण्यात घालून बघितलं. "आहे."

असल्या बातम्यांना जिना चढावा लागत नाही. अर्ध्या तासात इमारतीतले सात-आठ जण आमच्या बाथरूमच्या दारात जमले. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की इतक्या वर्षांची ऊब भिंतीत मुरली असणार. तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांना हे पटलं, ते विज्ञान शिकवायचे. एकाने बाल्कनीतल्या गीझरला लांबूनच हात जोडले. मावशी पदर खोचून सगळ्यांना नळ उघडून दाखवत होती आणि काका दाराच्या चौकटीला टेकून, चूक कुठे आहे ते शोधत होते. गेल्या तेवीस वर्षांतला तो तिचा सगळ्यात मोठा विजय होता, आणि तो बघायला मी तिथे होते याचा मला खरंच आनंद झाला.

तेवढ्यात घड्याळवाले भाऊजी आले. स्वेटर, खांद्यावर टॉवेल आणि हातात रिकामी बादली. गर्दी बघून ते ओशाळले आणि परत निघाले, पण मावशीने त्यांना आत घेतलं.

"काही नाही, वहिनी," ते म्हणाले. "आपल्याकडे गॅसवर तापवलेलं असेल तर अर्धी बादली हवी होती. माझ्याकडे आता गरम नळाला पाणीच येत नाही. काल अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गेलं."

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्याच्या मिनिटावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. मावशीचा नळावरचा हात थांबला.

"आणि एरवी कसं येतं?" तिने विचारलं.

"एरवी सव्वासहापर्यंत गार. मग पावणेसातपर्यंत कोमट. मग परत गार. बहुतेक आता चौथा घ्यावा लागणार. घेतो. नाहीतरी मागच्या वर्षी आठ दिवस बहिणीकडे गेलो होतो तेवढ्याच आंघोळी काय त्या सुखाच्या."

ते हसले. बाकीचेही सौजन्याने हसले. मावशी हसली नाही. "आलेच," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि जाताना तिने माझं मनगट धरून मलाही ओढत नेलं. दार लोटलं.

"बाह्या उलट्या लागल्यात," ती म्हणाली.

मला काही कळेना. तिने गळ्यातली मोजपट्टी काढून ओट्यावर ठेवली, दोन हात एकमेकांत अडकवून दाखवले. "डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. गवंड्याने भिंतीत पाइप उलटे जोडलेत. त्यांचा गीझर आपलं पाणी तापवतो आणि आपला त्यांचं. नऊ वर्षं. काल पानाने आपलं बूच लावलं म्हणून त्यांचा नळ आटला."

मग मला सगळं एकदम दिसलं. पहाटे पाचपासून नऊपर्यंत पलीकडे तापत असलेलं ते पाणी आमच्या बादल्यांत पडत होतं. आमच्या म्हाताऱ्या टाकीची दहा मिनिटं त्यांच्या अंगावर जात होती. त्यांनी प्रत्येक नवा गीझर घेतला तो आमच्यासाठी. आणि ते बहिणीकडे गेले तेव्हा आमचा रुसला, ते परत आले तेव्हा काकांची माफी मंजूर झाली. आम्ही नऊ वर्षं आयत्या बिळावरचे नागोबा होतो आणि वर ज्याचं बीळ त्यालाच बीळ कसं वापरायचं ते शिकवत होतो.

"गप्प बस," मी मावशीला म्हणाले. खोटं कशाला सांगू, मी हेच म्हणाले. "उद्या पानाला गुपचूप बोलावू, आपल्या बाजूने भिंत फोडून पाइप सरळ करून घेऊ. कोणाला काही सांगायचं कारण नाही."

"आणि ते?"

"त्यांचंही पाणी तापायला लागेल. म्हणतील, गोळ्यांचा गुण आला."

मावशी ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर कोणीतरी नळ उघडला होता, पाण्याचा आवाज येत होता. तिचे डोळे भरले. "नऊ वर्षं मी पळी घेऊन त्यांच्याकडे जात होते गं. त्या माणसाला वाटतंय त्याचं रक्त गार पडलंय." मग म्हणाली, "आणि हे आता मरेपर्यंत मला दोन वर्षं, दोन वर्षं ऐकवतील. माझं तेवढं एकच होतं."

मी तिचा हात धरून ठेवला होता. तिने तो सोडवला, डोळे पुसले आणि बाहेर गेली.

तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं. आडपडदा न ठेवता, कपड्याचं माप सांगावं तसं. गीझरने काही केलेलं नाही. पाणी भाऊजींचं आहे. नऊ वर्षांपासून आपण त्यांचं गरम पाणी घेतोय आणि त्यांना आपलं गार देतोय. निवृत्त शिक्षक म्हणाले की त्यांना आधीपासूनच शंका होती. वरच्या बाई हळूच जिन्याकडे सरकल्या. भाऊजी बादली धरून उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं, मनातल्या मनात तपासून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"काही नाही, भाऊजी," मावशी म्हणाली. "तुम्ही ठणठणीत आहात. मला माफ करा."

भाऊजींनी तिथेच स्वेटर काढला. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी तो नीट घडी करून खांद्यावर टॉवेलशेजारी ठेवला.

मग मावशी काकांकडे वळली. ते अजून चौकटीलाच टेकून होते. "तुम्ही म्हणाला होतात ते खरं झालं," ती म्हणाली. "तो गीझर चुकीचाच होता. मी चुकले. झालं आता?"

काका म्हणाले, "चुकीचं आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षांनी बाई आपणहून हार कबूल करते आहे, तर या माणसाला तीही धडपणे घेता येऊ नये. मी तोंड उघडणार होते, पण काकांनी हात वर केला. छापखान्यात एखादं पान थांबवायला ते असाच हात वर करत असणार.

"गीझर तेवीस वर्षांपूर्वी घेतला," ते म्हणाले. "भिंत नऊ वर्षांपूर्वी फोडली. मधली चौदा वर्षं आपलं पाणी यानेच तापवलं. तेव्हा पलीकडून काही येत नव्हतं. नंतरची नऊ वर्षं, दिवसाला दहाच मिनिटं मिळून, यांना कोमट का होईना, दिलंच. मी दोन म्हटलं होतं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "चूक माझी आहे. तिसऱ्या वर्षीच सांगायला हवं होतं. राहून गेलं."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की भाऊजींनी संकोचून नजर खाली घातली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

मग तिने भाऊजींच्या हातातली बादली घेतली, नळाखाली ठेवली आणि नळ पूर्ण उघडला.